लेकीस पत्र

भायखळा, मुंबई

प्रिय लेकीस,

प्रभू येशूच्या नावाने सलाम.

पप्पांच्या स्मरणार्थ झालेल्या उपासनेनंतर मंडळीतल्या कुणीतरी तुला "प्रभूमध्ये सर्वदा आनंद कर" असे म्हटले आणि तू काही न बोलता जिन्यात जाऊन उभी राहिलीस, ते मी पाहिले होते. त्या वेळी तुझ्यामागे यायला माझ्या पायांत बळ नव्हते, म्हणून आज लिहिते आहे.

ते वचन पवित्र शास्त्रात प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातले आहे, आणि ते लिहिताना तो बंदिवासात होता. फिलिप्पैच्या मंडळीने त्याच्यासाठी मदत देऊन एपफ्रदीत नावाच्या माणसाला धाडले होते, तो आजारी पडून मरणाच्या दारापर्यंत जाऊन आला. तो वाचला तेव्हा पौल लिहितो की देवाने त्याच्यावर आणि माझ्यावरही दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. ज्या पत्रात आनंद करा म्हणून पुन्हा पुन्हा सांगितले आहे, त्याच पत्रात हेही आहे, मुली. मरण पावलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत उठवणार हे ठाऊक असूनही त्याच्या कबरेकडे जाताना आपला प्रभू रडलाच. तेव्हा तुझ्या रडण्याला कुणी अविश्वास म्हटले, तर ते मनावर घेऊ नकोस.

दुःख झाले याचा आनंद मान, असे पौल कुठेही सांगत नाही. आपण बेड्यांत असतानाही ख्रिस्त सोबत आहे आणि दूरच्या माणसांनी आपली आठवण ठेवली आहे, याचा आनंद त्याला आहे. तो अर्थ मला इतकी वर्षे वचन ऐकून कळला नव्हता, पप्पांच्या आजारपणात परळच्या इस्पितळातल्या वॉर्डात कळला. शेजारच्या खाटेवरच्या मुलाची आई रात्री बाहेर फुटपाथवर झोपायची, आणि स्वतःला घोटभर पाणी गिळवत नव्हते तरी पप्पा तिच्यासाठी आपले दूध राखून ठेवायला लावत. एका रात्री वेदनांनी झोप येईना, तेव्हा त्यांनी मला ख्रिस्ती कवी टिळकांचे गायन म्हणायला सांगितले. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तेव्हा आप्त दुरावले आणि काही वर्षे पत्नी लक्ष्मीबाईंची सोबतही अंतरली. ती भजने त्यानंतरची, हे पप्पांना फार मोलाचे वाटे. मी हळू आवाजात म्हटले, दुसऱ्या कडव्याला त्यांचे ओठ हलू लागले. वेदना कमी झाली नव्हती. तरीही त्यांच्या चेहऱ्यावर जे होते, त्याला आनंदाखेरीज दुसरा शब्द माझ्यापाशी नाही.

रविवारी घरी येशील तेव्हा उपासनेला आलेच पाहिजे असे नाही. आलीस तर माझ्या शेजारी बस. तुला गाता आले नाही तरी चालेल, मी गाईन.

तुझी,
आई