‘इजेक्ट’ची गरज संपलेली नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी ‘इजेक्ट’ करण्याची, म्हणजे तो सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा संगणकाला देण्याची, आता गरज उरलेली नाही, असा सल्ला आपल्या तंत्रज्ञानविषयक पुरवणीत वाचला. तो विंडोजपुरता बऱ्याच अंशी खरा आहे, पण सरसकट लागू होणारा नाही. विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ च्या अखेरीपासून, मायक्रोसॉफ्टने बाहेरून जोडलेल्या साठवणुकीच्या उपकरणांसाठी ‘क्विक रिमूव्हल’ हे मूळ सेटिंग केले. त्याआधीच्या ‘बेटर परफॉर्मन्स’ सेटिंगमध्ये माहिती आधी मेमरीत ठेवून मग सवडीने उपकरणावर उतरवली जात असे. आता तसे होत नाही. तरीही फाइल प्रत्यक्ष लिहिली जात असताना पेनड्राइव्ह उपटला तर ती शाबूत राहण्याची हमी नाही, आणि वेगासाठी ज्यांनी जुने सेटिंग पुन्हा निवडले आहे त्यांच्या तर हा सल्ला मुळीच कामाचा नाही.

लिनक्स या संगणकप्रणालीवर कॉपी केलेली माहिती सामान्यतः आधी मेमरीतील ‘पेज कॅशे’मध्ये जाते आणि कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ती नंतर पेनड्राइव्हवर लिहितो, मूळ सेटिंगनुसार यात तीसेक सेकंदही जाऊ शकतात आणि पेनड्राइव्ह संथ असेल तर त्याहून कितीतरी अधिक. डीटीपीच्या दुकानात याचा परिणाम पाहावा. कॉपीची पट्टी क्षणार्धात भरते, पेनड्राइव्हचा दिवा मात्र लुकलुकतच असतो. गिऱ्हाईक तो ओढून छपाईवाल्याकडे जाते, तिथे फाइलचे नाव दिसते, आकारही बरोबर दिसतो, पण फाइल उघडत नाही. पेनड्राइव्हवर सहसा असणाऱ्या फॅट३२ किंवा एक्सफॅट या पद्धतींत नाव व आकाराची नोंद एका जागी आणि मजकूर दुसऱ्या जागी लिहिला जातो आणि अर्धवट राहिलेले काम सावरणारे जर्नल त्यांत नसते. यात गिऱ्हाइकाच्या घाईला दोष देणे मला पटत नाही, कारण काम संपल्याचे पडद्यानेच त्याला सांगितलेले असते.

तोच पेनड्राइव्ह परत लावला म्हणजे राहिलेले काम पुरे होईल, ही आशाही फोल आहे. जुने माउंट, म्हणजे पेनड्राइव्हची आधीची जोडणी, अजून वापरात अडकलेले असेल तर लिनक्स त्याच पेनड्राइव्हला एसडीबीऐवजी एसडीसी असे नवे नाव देतो आणि आधीची शिल्लक माहिती त्याच्याकडे वळवत नाही. १९८५ च्या अमिगा संगणकावर फ्लॉपी मध्येच काढली, तर तीच परत घाला, असा संदेश येत असे. आज तसे करणे धोक्याचे ठरेल, कारण मधल्या वेळात पेनड्राइव्हवर दुसऱ्या संगणकाने काही लिहिलेले असू शकते. त्यामुळे येथे कर्नलचा नकार मला रास्त वाटतो.

रास्त वाटत नाही ते अपयशाबाबतचे मौन. लिहिणे फसल्यावर लिनक्स मेमरीतील त्या माहितीची पाने ‘लिहून झाली’ अशा खुणेने मोकळी करू शकतो आणि ‘एफसिंक’चा, म्हणजे माहिती उपकरणावर प्रत्यक्ष उतरवण्याचा, पुढचा आदेश यशस्वी झाल्याचे कळवतो, ही बाब २०१८ मध्ये पोस्टग्रेस या डेटाबेसच्या चमूसमोर आली. त्यानंतर, एफसिंक एकदा जरी फसले तरी डेटाबेसने स्वतःहून बंद पडून बदलांच्या नोंदवहीवरून पुन्हा उभे राहायचे, असा बदल त्यांनी केला. डेटाबेस लिहिणाऱ्यांची ही गत, तर गिऱ्हाइकाने काय ओळखायचे? मॅकवर डिस्क नीट इजेक्ट न झाल्याची सूचना येते खरी, पण ती उपकरण हातात आल्यावर, म्हणजे बैल गेला अन् झोपा केला.

कॉपीची पट्टी माहिती उपकरणावर उतरल्यावरच पूर्ण भरावी, निदान काढता येण्याजोग्या उपकरणांपुरती तरी, ही अपेक्षा अवाजवी नाही. ती पूर्ण होईपर्यंत लिनक्स व मॅक वापरणाऱ्यांनी इजेक्ट करूनच पेनड्राइव्ह काढावा आणि तो सल्ला विंडोजच्या मूळ सेटिंगपुरताच होता, असा खुलासा आपण पुढील पुरवणीत छापावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सातारा