बत्तीस तास, दारापासून दारापर्यंत

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, रविवारी फोनवर तू विचारलंस, "काही झालंच तर किती वेळात पोचशील गं?" मी "दिवसभरात" म्हणाले आणि विषय बदलला. ते खोटं होतं. आज नीट हिशेब मांडते. बाबा, एसटीचं वेळापत्रक तपासता तसा तपासा.

नकाशावहीवर दोरा लावून तुम्ही मुंबई-सिडनी दहा हजार किलोमीटर काढलंत, ते जवळपास बरोबर आहे. सरळ रेषेत साधारण १०,१५० भरतं. मी सिंगापूरला विमान बदलते म्हणून आईला वाटतं फेरा पडतो. पण सिडनी-सिंगापूर ६,३०० आणि तिथून मुंबई ३,९००. कोल्हापुरातून पुण्याला जाताना कराड लागावं, तसं सिंगापूर वाटेवरच आहे. पहिला टप्पा आठ तासांचा, दुसरा साडेपाच.

वेळ खाते ती जमीन. घरून निघून तीन तास आधी विमानतळावर हजर व्हायचं, त्याचे साडेचार तास. सिंगापूरला बसून चार. मुंबईत शिक्का आणि बॅगा, दीड. मग लोणावळ्याचा घाट, पुण्याबाहेरची कोंडी, खंबाटकी, किणीचा टोलनाका करत कोल्हापूरच्या वेशीवरचं तावडे हॉटेल दिसेपर्यंत साडेआठ. दहा हजार किलोमीटरला साडेतेरा तास आणि पावणेचारशेला साडेआठ, काय म्हणावं! मुंबईहून आपल्या उजळाईवाडी विमानतळाचं विमान जुळलं तर बरंच, पण ते मी धरलेलं नाही. एकूण बत्तीस तास. आणि २०१९, २०२१ सारखा शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला, तर हा कागद फाडून टाका.

आता रागाचं. गेल्या वर्षी बाबांची अँजिओप्लास्टी मला तिसऱ्या दिवशी कळली, तीही तुम्ही सांगितली म्हणून नाही. भर मे महिन्यात बाबा फुल शर्ट घालून व्हिडिओ कॉलला बसले होते. चहाचा कप उचलताना बाही वर सरकली आणि मनगटावरची पट्टी दिसली. "एवढ्या लांबून तू काय करणार होतीस?" म्हणालात. त्याच दिवशी कळवलं असतंत, तर बाबा वॉर्डात असतानाच मी डबा घेऊन जिना चढले असते. बत्तीस तास माझ्याकडे लागले, त्यांत तुमचे तीन दिवस घालू नका.

आधी मला फोन, मग काकांना. तुमच्याकडे रात्रीचे अकरा म्हणजे इथं पहाटेचे साडेतीन, ऑक्टोबरनंतर साडेचार. तरी उठवा. पासपोर्ट कपाटातून काढून रोजच्या पर्समध्ये ठेवलाय.

कांदा-लसूण चटणी तळाला गेलीय. दिवाळीला येईन तेव्हा दोन किलो लागेल. मिक्सरवर नको, डंकावरूनच कुटून आण. आणि पिशवीला तिहेरी गाठ मार. इथं खाण्याचा जिन्नस दाखवावा लागतो. मागच्या वेळी तपासणीच्या बाईनं पिशवी उघडून नाक आत घातलं, आणि माझ्यामागची सगळी रांग तिच्या शिंका थांबायची वाट बघत उभी.

तुमची,
ताई