एफडी मोडू नका

लेस्टर, इंग्लंड

ती. आई-बाबांस,
सा. न.

बाबा, काल फोनवर तुम्ही मला पैसे पाठवायला "उद्याच बँकेत जातो" म्हणालात, म्हणून घाईने लिहितेय. एफडी मोडू नका. आजारपणात मला काम जमत नसलं तरी आमचं सगळं ठरलंय, सरकारी मदतीचे दोन अर्जही गेलेत.

"लेकीवर सरकारपुढे हात पसरायची वेळ आली" हे तुमचं बोलणं मनातून जात नाही. कुपवाडच्या कंपनीत तुमच्या पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विम्याचे पैसे, कापायचे. कावीळ झाली तेव्हा त्यातूनच पैसे आले ना? तेव्हा कुणापुढे हात पसरला होतात? माझाही नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे इथला तसाच सरकारी विमा, दरमहा कापला गेलाय. कंपनीने द्यायचा कायद्याने ठरलेला आजारपणाचा पगार फार तर 28 आठवडे, तो संपला. आता न्यू स्टाइल ईएसए, म्हणजे आजारामुळे काम जमत नसेल तर मिळणारा सरकारी भत्ता. तो मी आधी भरलेल्या हप्त्यांवर मिळतो. जावयांचा पगार नि आमची शिल्लक त्यात बघत नाहीत.

दुसरा अर्ज युनिव्हर्सल क्रेडिटचा, म्हणजे कमी कमाईच्या घरांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा. तिथे मात्र दोघांची कमाई, घरभाडं, शिल्लक, सगळं बघतात. आणि गोम अशी, की ईएसएचे जेवढे पौंड येतील तेवढे यातून वजा. मग दोन अर्ज कशाला, असं तुम्ही विचारणारच. उद्या जावयांना जास्त तास काम मिळालं तर युनिव्हर्सल क्रेडिट घटत घटत बंदही होईल. ईएसए माझ्या एकटीच्या नावाचा, त्याला या वाढीने धक्का लागत नाही. (तोही कायमचा असेलच असं नाही. मला कितपत काम जमेल याच्या तपासणीत कुठल्या गटात टाकतात त्यावर आहे.)

आता तुमचे वीस लाख. शिल्लक 6,000 पौंडांच्या वर गेली की वरच्या दर 250 पौंडांमागे महिन्याला 4.35 पौंड युनिव्हर्सल क्रेडिटमधून कापतात. 16,000 च्या वर गेली की युनिव्हर्सल क्रेडिट मिळतच नाही. आमची थोडी शिल्लक, त्यात तुमचे पैसे, की आम्ही बाद! म्हणजे तुमची म्हातारपणाची पुंजी आम्ही भाड्यात घालवायची आणि मग पुन्हा तोच अर्ज भरायचा. आई, पाटल्या विकायचं तर बोलूच नकोस. घालायचे दागिने इथे शिलकीत धरत नाहीत, तर तू कशाला मोडतेस?

माझी काळजी नको. सकाळी बोटं आखडतात, तासाभराने सुटतात. बरण्यांची झाकणं जावई रात्रीच सैल करून ठेवतात, कणीकही तेच मळतात. पोळ्या त्रिकोणी होतात, पण मऊ असतात. घर उबदार आहे, आणि डॉक्टरला दाखवायचे पैसे पडत नाहीत.

आई, ताप आला की तू मेतकूट-भात भरवायचीस, आणि सेकंड शिफ्टहून आल्यावर बाबा कपाळाला हात लावून बघायचे. मी मुद्दाम झोपेचं सोंग घ्यायचे. परवा फार दुखत होतं तेव्हा तेच हवंसं वाटलं. तरीही आत्ता यायचं नाही. इथली थंडी बाबांच्या दम्याला झेपणार नाही. उन्हाळ्यात मीच तिकिटं काढते, रागावू नका.

आणि ऐका. आईचा मोतीबिंदू आता पुढे ढकलायचा नाही. एफडीचं व्याज त्याला लावा. बाबांनी बीपीची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून बंद करायची नाही. पंप हाताशी ठेवायचा, कपाटात नाही. ऑपरेशनची तारीख मिळाली की लगेच कळवा.

तुमची,
बबी