सान पाउलच्या बेटावरून

व्हॅलेटा, माल्टा
१२ फेब्रुवारी

ती. आई आणि आण्णांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मामा शेजारी बसलेले दिसले म्हणून आवरतं घेतलं. मिरवणुकीचा फोटो मीच स्टेटसला ठेवला, चूक माझी. पण मी बाटलेबिटले नाही. कपाटाच्या वरच्या कप्प्यात का होईना, जोतिबा आहे. मामांना हे वाचून दाखवा.

तर १० फेब्रुवारीला इथे संत पौलाचा, म्हणजे येशूचा धर्म गावोगाव सांगत फिरलेल्या जुन्या प्रचारकाचा, सण असतो. हे लोक त्याला सान पाउल म्हणतात. मी ज्या आजींना सांभाळते त्या (इथे आजीला 'नान्ना' म्हणतात, आपल्या नानाकाकांना सांगू नका) महिनाभर रद्दी फाडत बसल्या होत्या. मलाही बसवलं. पेपर, जुनी बिलं, सगळ्याचे कपटे करून पिशव्या भरायच्या. कशाला, तर मूर्ती दारावरून जाताना वरून उधळायला. म्हटलं, फुलं का नाही? नाही, कागदच. रद्दी कशी चालते देवाला? चालते. पुठ्ठा नको, अंगावर लागतो. मूठ एकदम सोडायची नाही, थोडी थोडी सोडायची, म्हणजे कागद तरंगतो. मूर्ती साडेतीनशे वर्षांहून जुनी, लाकडी. बाप्ये खांद्यावर घेऊन डुलत डुलत येतात, पुढे बँड, आणि रस्त्यात घोट्याएवढा कागद. शेवटी मी विचारणं सोडलं. आपण चैत्रात गुलाल का उधळतो, असं त्यांनी विचारलं असतं तर मी तरी काय सांगणार होते?

हा पौल इथे आला तो मुद्दाम नाही. फोनवर मराठी बायबल उघडून 'प्रेषितांची कृत्ये'ची शेवटची दोन प्रकरणं वाचली. (दोनच.) इ.स. ६० च्या सुमाराला त्याला कैदी म्हणून रोमला नेत होते. आलेक्सांद्रियाचं धान्याचं जहाज, वर २७६ माणसं. हिवाळ्याच्या तोंडावर निघू नका, असं तो सांगत होता, कुणी ऐकलं नाही. चौदा दिवस वादळात भरकटले, गहू समुद्रात फेकला, जहाज फुटलं. कुणी पोहत, कुणी फळ्यांवर, पण झाडून सगळे किनाऱ्याला लागले. पाऊस आणि गारठा होता म्हणून इथल्या लोकांनी शेकोटी पेटवली. पौलही काटक्या गोळा करायला लागला, तर मोळीतून साप निघून हाताला डसला. लोक म्हणाले, हा खुनी असणार. मेला नाही तेव्हा म्हणाले, देव आहे! नान्ना सांगतात, तेव्हापासून इथल्या सापांना विष नाही. तेव्हा आई, सापाची काळजी मिटली.

एरवी तो आपल्या पायांनी हिंडायचा. अंत्युखिया, इफिस, करिंथ, जिथे जाईल तिथे आधी यहुद्यांच्या सभास्थानात बोलायचा. करिंथला तर तंबू शिवून पोट भरलं. हात चालत होते म्हणून कुणाचा मिंधा झाला नाही, हे मला आवडलं. पुढच्या गावी गेला की मागच्यांना पत्रं लिहायचा. इथे मात्र तीन महिने थांबला आणि हिवाळा सरताच रोमच्या वाटेला लागला. माझा हा तिसरा हिवाळा.

मी जेवते नीट. वजन उतरलंय ते इथल्या चढउतारांमुळे.

या महिन्यात ४०० युरो पाठवलेत. आधी सोसायटीचा हप्ता भरा, बोअरचं नंतर बघू. आण्णांच्या मोतीबिंदूचं मला ताईकडून आठ दिवसांनी कळलं. मी रागावले नाही, सुट्टी मिळालीच नसती. कराडच्या स्थळाला नाही म्हणू नका, हो पण म्हणू नका. मुलाला विचारा, बायको आणखी दोन वर्षं परदेशी राहिली तर चालेल का. त्यांच्या घरी फोटो गेला असेल तर कागद उधळण्याचं नीट समजावून सांगा.

पौलाच्या नावावरच्या एका पत्रात आहे, त्रोवसला राहिलेला झगा येताना घेऊन ये. आई, पाटलांची सून मार्चमध्ये येतेय, तिच्याकडे तुझी गोधडी दे. जड होईल म्हणाली तर चटणी काढ, गोधडी राहू दे. आणि धुऊन देऊ नकोस.

तुमची,
सुमी