रिमोल्ड टायरला नावं ठेवण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या अंकातला पुन्हा वापरायच्या रॉकेटवरचा लेख सकाळी चहासोबत वाचला, मग दुकानात नेऊन परत वाचला, म्हटलं आपल्याच डोळ्यांची चूक असेल. नाही, छापलंय तेच आहे. रॉकेट म्हणजे काही रिमोल्ड केलेला टायर (घासलेल्या टायरवर नवं रबर चढवलेला) नव्हे, रस्त्यात कुठंही फुटायला, असं तुमचे लेखकमहाशय लिहितात. त्यांनी रिमोल्डिंगचं दुकान आतून कधी पाहिलंय का, एवढंच विचारायचं आहे. मी वाडीला 31 वर्षं हाच धंदा करतोय, ट्रकचे टायर.

रिमोल्ड फुटतो कधी, तर केसिंग, म्हणजे टायरचा आतला सांगाडा, मेलेली असताना त्यावर रबर चढवलं तर. आमचा अर्धा धंदा रबर लावण्याचा नाहीच, तो टायर हातानं चाचपून, लाइट मारून, कोणता घ्यायचा आणि कोणता परत पाठवायचा हे ठरवण्याचा आहे. रॉकेटचंही तेच असणार, पण लेखात त्यावर एक ओळ नाही. अमेरिकेचं स्पेस शटलही पुन्हा वापरायचंच होतं ना? आठवड्याला एक उड्डाण करू म्हणत होते, 1981 ते 2011 या तीस वर्षांत झाली 135. प्रत्येक फेरीनंतर उष्णता अडवणाऱ्या वीस हजारांवर टाइल्स तपासायच्या, इंजिनं काढायची, खोलायची, परत बसवायची. सगळा खर्च उड्डाणांवर वाटला तर एका फेरीला दीडशे कोटी डॉलरच्या आसपास जातो. परत आलं म्हणून स्वस्त झालं का? स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन 9 रॉकेटचं जमलं कारण दोन फेऱ्यांच्या मधे फारसं खोलावं लागत नाही, त्याचा बूस्टर, म्हणजे परत येणारा खालचा टप्पा, काही तर तीसच्या वर वेळा उडालेत. आणि आम्ही पुढच्या चाकाला रिमोल्ड लावू देत नाही, त्यांनी तर एप्रिल 2021 मधे वापरलेल्या बूस्टरवर चार माणसं बसवून पाठवली. आता बोला.

मला एक गिऱ्हाईक आठवतं, नाव नाही सांगत, तीन गाड्या होत्या त्याच्या. मे महिन्याच्या भर उन्हात चार टायर घेऊन आला, एकाची साइडवॉलमधून तार दिसत होती आणि आधीच दोनदा रिमोल्ड झालेला. म्हटलं भाऊ हा होत नाही, फेका. तर म्हणे, "काहून नाही होत? टायर माझा, तुमचं फक्त रबर, अर्ध्या पैशात करून द्या." मी तीन केले, चौथा परत दिला. तो त्यानं दुसरीकडून करून घेतला आणि पंधरा दिवसांत कोंढाळीच्या पुढं भर रस्त्यात उडवला. मग माझ्याच दुकानात येऊन चार लोकांसमोर मला शिव्या, की तुमचा रिमोल्ड बेकार. माझा नव्हताच तो! पण ऐकतो कोण. काल तुमचा लेख वाचला आणि तोच माणूस परत दुकानात शिरल्यासारखं वाटलं.

बरं, त्या माणसाची आणि लेखकाची चूक एकच आहे, खर्च आणि भाव यातला फरक कळत नाही. लेखात लिहिलंय की रॉकेट परत वापरल्यानं उपग्रह सोडणं दहापट स्वस्त झालं. साहेब, वापरलेला बूस्टर पहिल्यांदा परत उडाला मार्च 2017 मधे. त्याआधी फाल्कन 9 चा जाहीर भाव 6 कोटी 20 लाख डॉलर होता, 2024 मधे तो 7 कोटींच्या जवळ गेला. महागाई धरा, तरी दहापट कुठं आहे? कंपनीचा खर्च कमी झाला असेल, पण बाजारात समोर टक्कर द्यायला कोणी नसेल तर भाव कोण कशाला पाडेल, मीही नाही पाडणार. शिवाय बूस्टर परत आणायचा तर परतीचं इंधन ठेवावं लागतं, म्हणजे माल कमी. दूरच्या कक्षेकडे 8.3 टन जायचा तिथं 5.5 टनच जातो. आणि पूर्ण रॉकेट परत येतं हेही खोटं, वरचा टप्पा दरवेळी जातोच. 2022 च्या गुढीपाडव्याला संध्याकाळी आकाशातून जळत गेलं आणि सिंदेवाहीकडे धातूची रिंग पडली, तो चिनी रॉकेटचा वरचाच टप्पा होता. आम्ही गच्चीवरून पाहिलं, आई म्हणे उल्का आहे, नमस्कार कर. केला.

इस्रोबद्दल लेखक हळहळतात की आपण मागे का. आमच्याकडे चेंबर असतो, त्यात टायर भरून तापवायचे. पूर्ण भरला तर परवडतं, चार टाकले तरी वीज तेवढीच आणि वेळही तेवढाच. 2024 मधे इस्रोची उड्डाणं पाच, फाल्कनची सव्वाशेच्या वर. पाच टायरसाठी कोणी चेंबर लावतं का? तरी सरकारनं सप्टेंबर 2024 मधे नव्या रॉकेटला मंजुरी दिली, पहिला टप्पा परत वापरायचा, 30 टन उचलणार, चांगलंच आहे, पण आधी उड्डाणं वाढवा की बाप्पा. त्या मंजुरीचा आकडा तुम्ही 824 कोटी छापलाय, तो 8,240 कोटी आहे. एक शून्य गेलं.

जाता जाता, रविवारचं विज्ञानाचं पान पूर्वी पूर्ण असायचं, आता पाव उरलंय आणि बाकी कोचिंग क्लासवाल्यांचे फोटो. कालच्या लेखातली रॉकेटची आकृती तर एवढी बारीक होती की मला आमच्या पोट्ट्याचं भिंग घ्यावं लागलं, आणि त्यातही बाण उलटा दाखवलाय, उतरणारं रॉकेट वर जाताना दिसतंय. टायरबद्दल नाही तरी त्या शून्याबद्दल दुरुस्ती छापा.

आपला,
एक रिमोल्डवाला, वाडी, नागपूर