जमीन विकण्याआधी : लेस्टरहून दादांना पत्र

लेस्टर, इंग्लंड
३ ऑक्टोबर २०२५

तीर्थस्वरूप दादांस व सौ. वहिनींस,
शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

तुमचे पत्र मिळाले. तुमच्या धाकट्या मुलाला माझ्या हॉटेलात आचारी म्हणून पाठवावे, कागदपत्रांसाठी कोल्हापूरच्या त्या एजंटाला अठरा लाख रुपये द्यावेत आणि ती रक्कम उभी करण्यासाठी ओढ्याकाठची दोन एकर उसाची जमीन विकावी, असा तुमचा विचार त्यात दिसला. नवरात्रातल्या गरब्यांच्या ऑर्डरी काल दसऱ्याला संपल्या, म्हणून आज सवडीने उत्तर लिहिते आहे. फोनवर हा विषय निघाला की वहिनींचा आवाज जड होतो आणि मला अर्धेच बोलून थांबावे लागते, त्यामुळे या वेळी सगळे कागदावर मांडलेले बरे.

उत्तर आधी सांगते आणि कारणे मागाहून. जमीन विकू नका आणि एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

परदेशातून कामगार बोलावण्याचा सरकारी परवाना माझ्या कंपनीकडे आहे, हे खरे आहे. परंतु या वर्षी २२ जुलैपासून येथील सरकारने कुशल कामगारांच्या व्हिसाची पातळी पदवीच्या दर्जाच्या कामांपर्यंत वर नेली, आणि आचाऱ्याचे काम त्या यादीतून बाहेर पडले. शिवाय अशा व्हिसासाठी सर्वसाधारणपणे वर्षाला किमान ४१,७०० पौंड पगार दाखवावा लागतो. येथे किमान वेतन ताशी १२.२१ पौंड आहे. त्या दराने आठवड्याला चाळीस तास राबणाऱ्या आचाऱ्याला वर्षाला पंचवीस हजारांच्या आसपास मिळतात. म्हणजे पगाराची अट मी कशीबशी पाळली असती, तरी कामच यादीत नसल्यामुळे अर्ज पुढे सरकत नाही. गंमत अशी की ज्या कागदासाठी एजंट तुमच्याकडे अठरा लाख मागतो आहे, तो कागद द्यायचा झालाच तर तो माझ्याच कंपनीने द्यायचा असतो, आणि मला तो देता येत नाही. मग तो काय विकतो आहे, हे त्यालाच विचारा.

"आधी फिरायला म्हणून जा, मग आत्याकडे कामाला लाग," असेही तो म्हणाल्याचे तुम्ही लिहिले आहे. कामाची परवानगी नसलेला एक माणूस स्वयंपाकघरात सापडला, तर पहिल्याच वेळी मालकाला ४५,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि त्या माणसाला परत पाठवून पुढची कित्येक वर्षे त्याच्यासाठी दार बंद केले जाऊ शकते. माझ्या भाच्या-पुतण्यांपैकी कोणालाही मी अशा रीतीने कढईपुढे उभे करणार नाही.

वर्तमानपत्रात तुम्ही वाचलेला १८०० जणांचा आकडाही पाहू. भारत आणि ब्रिटन यांचा व्यापार करार २४ जुलैला झाला, त्यात वर्षाला १८०० पर्यंत आचारी, योगशिक्षक आणि शास्त्रीय संगीतकार यांना येता येईल अशी तरतूद आहे. पण हा आकडा तिघांचा मिळून आणि सगळ्या भारतासाठी आहे, ही माणसे ठरावीक मुदतीच्या कामासाठी येणार आहेत, आणि करारावर सह्या झाल्या असल्या तरी त्याचा अंमल अजून सुरू झालेला नाही. त्याच्या भरवशावर आज जमीन विकणे मला पटत नाही.

आता माझ्या धंद्याविषयी लिहिते, कारण तुमच्या बेतामागे तुम्ही पाहिलेले फोटो आहेत असे मला वाटते. फोटोतील ती लाल विटांची इमारत माझ्या मालकीची नाही. ती लांब मुदतीच्या भाडेकरारावर घेतली आहे. येथील व्यापारी भाडेकरारांत बहुधा अशी अट असते की छपरापासून गटारापर्यंतची सगळी दुरुस्ती भाडेकरूने करायची आणि विम्याचा खर्चही त्यानेच सोसायचा. शिवाय कंपनी मर्यादित जबाबदारीची असली, तरी भाड्याची आणि कर्जाची वैयक्तिक हमी आम्हा दोघांकडून लिहून घेतलेली आहे. धंदा बसला तर कंपनीबरोबर आमचे राहते घरही अडचणीत येईल. राहण्याच्या खोल्यांत आठवड्याच्या मधल्या दिवसांत रस्ते-इमारतींच्या कामावरचे लोक उतरतात, शनिवार-रविवारी लग्नाचे पाहुणे येतात, आणि जानेवारीत जिन्यावरचा दिवा लावायलाही जिवावर येते. ज्या संकेतस्थळांवरून लोक खोल्या घेतात, त्यांची दलाली दर भाड्यातून आधीच वजा झालेली असते. खरे सांगायचे तर खोल्यांनी मला आजवर नफा दिलेला नाही. ती इमारत मी घेतली ती तिच्या मागच्या मोठ्या स्वयंपाकघरासाठी आणि शेजारच्या सभागृहासाठी. धंदा चालतो तो जेवणावळींवर.

या देशात पहिले भारतीय हॉटेल १८१० साली लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर निघाले, आणि ते पाटण्याच्या दीन महंमद यांचे होते, हे मला इथे आल्यावरच कळले. हुक्क्यासह सगळा थाट होता, तरी दोनच वर्षांत त्यांचे दिवाळे निघाले. हिंदुस्थानातून परतलेल्या ज्या साहेबांच्या भरवशावर त्यांनी जागा घेतली, त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी आपापले आचारी होतेच. पुढे ब्रायटनला जाऊन त्यांनी मालिशीची स्नानगृहे काढली आणि नाव कमावले. दुकान थाटण्याआधी गिऱ्हाइकाला घरी काय मिळते ते पाहावे, एवढे मी त्यांच्या हकिकतीतून उचलले. त्यामुळेच मी लेस्टरमध्ये मराठी थाळीचे दुकान काढले नाही. येथे आपली माणसे मोजकी आहेत आणि त्यांच्या घरी पिठले-भाकरी होतेच. आपल्या लोकांत खानावळीवर उभे राहिलेले मोठे उदाहरण म्हणजे लंडनच्या आजीबाई बनारसे, पण यवतमाळकडून आलेल्या त्या बाईंच्या काळी भारतीय विद्यार्थ्याला घरचे जेवण मिळण्याची दुसरी सोयच फारशी नव्हती.

माझी बहुतेक गिऱ्हाइके गुजराती आहेत. १९७२ मध्ये लष्करशहा इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावले, तेव्हा लेस्टरच्या नगरपालिकेने तेथील वर्तमानपत्रात जाहिरात देऊन सांगितले होते की आमच्याकडे येऊ नका, आमची घरे आणि शाळा भरलेल्या आहेत. लोक तरीही आले, आणि आज बेलग्रेव्ह रोडवर सोन्याचांदीची, साड्यांची आणि मिठाईची जी रांग आहे ती त्यांनीच उभी केली. त्यांच्या नातवंडांच्या लग्नात मी कांदा-लसूण न घालता, जैन मंडळी असल्यास बटाटाही वर्ज्य करून, जेवण देते. आबांच्या हाताखाली पंगतींचा अंदाज शिकले होते, तो कामाला आला. तांदूळ किती भिजवायचा, डाळीला कितीने वाढ धरायची, वाढप कोणत्या टोकाने सुरू करायचे, हे मला कोणी इथे शिकवले नाही.

पैशाचा हिशेब मात्र आबांच्या काळचा राहिलेला नाही. समजा, मी ताटामागे २४ पौंड घेतले. त्यातले ४ पौंड व्हॅटचे, ते सरकारचे. डाळ, तांदूळ, भाजी यांच्या खरेदीवर येथे व्हॅट शून्य असतो, म्हणून त्यापोटी परत मागण्यासारखेही काही हाती नसते. शिजवून वाढले की २० टक्के लागू होतात. राहिलेल्या २० पौंडांत सामान, वाढपी, गाडी, गॅस, भाडे आणि वापरलेले तेल घेऊन जाणाऱ्या परवानाधारकाचे पैसे येतात, कारण तेल मोरीत ओतता येत नाही. या एप्रिलपासून मालकाने भरायचा राष्ट्रीय विम्याचा हप्ता १५ टक्के झाला आणि तो वर्षाला ५,००० पौंडांवरच्या पगारापासून लागू लागला. हे सगळे जाऊन हाती राहते ती रक्कम तुम्ही पत्रात धरलेल्या आकड्याच्या जवळपासही जात नाही.

सगळ्यात अवघड भाग अन्नाच्या नियमांचा आहे, आणि धाकट्याला स्वयंपाकाची हौस असल्यामुळे त्याने तो नीट वाचावा. गरम पदार्थ ६३ अंशांवर किंवा त्याहून अधिक तापमानात ठेवायचा. तो त्याखाली आला तर वाढण्यासाठी एकदाच दोन तासांपर्यंत बाहेर ठेवता येतो. त्यानंतर मी तो टाकून देते. आता आपल्या लग्नांची वेळ तुम्हाला ठाऊक आहे. वरात दीड तास उशिरा येते, मग फोटो, मग भाषणे, आणि मी पातेल्यांशेजारी तापमापक घेऊन उभी असते. उरलेला भात घरी नेऊ द्या म्हणून वरमाई आग्रह करतात. शिजलेल्या भातात टिकून राहणारे जंतूंचे बीज कोमट अवस्थेत वाढते आणि त्याचे विष पुन्हा गरम करूनही जात नाही, हे त्यांना त्या गर्दीत समजावणे अशक्य असते. मी नाही म्हणते, आणि ती बाई कंजूष आहे असे दोन-चार घरांत बोलले जाते. ते मी सोसते. खाण्यातून एक जरी मनुष्य आजारी पडला तर नगरपालिकेचे अधिकारी येऊ शकतात आणि शून्य ते पाच या स्वच्छतेच्या श्रेणीतील आमचा आकडा खाली जाऊ शकतो. इंग्लंडमध्ये तो दारावर लावण्याची सक्ती नसली, तरी कोणालाही तो पाहता येतो, आणि लग्नघरचे लोक विसार देण्याआधी पाहतातच.

वहिनींच्या मसाल्याविषयी त्यांनी विचारले आहे. तो घरी येतो आणि घरीच संपतो; हॉटेलात मी तो वापरू शकत नाही. येथे चौदा पदार्थ असे ठरलेले आहेत की ते अन्नात असल्यास गिऱ्हाइकाला सांगावेच लागते. त्यांत तीळ आहेत, शेंगदाणे आहेत आणि मोहरीही आहे. म्हणजे आपल्या फोडणीपासूनच नोंद सुरू होते. बाजारच्या बहुतेक हिंगात गव्हाचे पीठ असते, ते आणखी वेगळे लिहावे लागते, नाहीतर गहू वर्ज्य असलेल्या पाहुण्याला साधी आमटीही बाधायची. २०१६ मध्ये नताशा नावाची पंधरा वर्षांची मुलगी वेष्टनावर उल्लेख नसलेले तीळ पोटात गेल्यामुळे दगावली, आणि तिच्या आईवडिलांच्या प्रयत्नांमुळे ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बांधून ठेवलेल्या खाद्यपदार्थांवरही घटकांची पूर्ण यादी छापणे बंधनकारक झाले. त्यामुळे कोणत्या गिरणीवर, कोणत्या तिळाचा, कधी कुटला याची नोंद नसलेला मसाला कितीही चांगला असला तरी माझ्या फळीवर बसत नाही. तुम्ही तो व्यापारासाठी पाठवण्याचा विचार करत असाल तर तेही आता सोपे नाही. गेल्या वर्षी हाँगकाँग आणि सिंगापूरमध्ये काही भारतीय मसाल्यांत इथिलीन ऑक्साइड हे जंतुनाशक रसायन सापडल्याच्या बातम्या आल्यानंतर येथील अन्न मानक संस्थेने भारतातून येणाऱ्या सर्व मसाल्यांवरची तपासणी कडक केली. आणि हो, येणाऱ्या कोणाबरोबर कंदी पेढे पाठवू नका. दुधाचे पदार्थ भारतातून सामानात आणता येत नाहीत, विमानतळावर सापडले की फेकले जातात, आणि मग मला आठवडाभर त्या पेढ्यांचीच हळहळ लागते.

आता धाकट्याचे काय करायचे ते. त्याच्या हाताला चव आहे, हे मी गेल्या गणपतीत पाहिले. परंतु माझ्याकडे आचाऱ्याचा दिवस कढईपेक्षा नोंदवहीत जास्त जातो: फ्रीजचे तापमान सकाळ-संध्याकाळ, कोणते पातेले किती वाजता थंड केले, कोणत्या डब्यावर कोणती तारीख. त्याचा हा भाग पक्का झाल्याशिवाय तो कोणत्याच देशात मोठ्या स्वयंपाकघरात टिकणार नाही. म्हणून त्याने आधी पुण्या-मुंबईच्या चांगल्या हॉटेलात पगारी काम धरावे, असे मला वाटते. पुढे त्याला खरोखर शिकण्यासाठी इकडे यायचे असेल आणि त्याचे गुण त्या योग्यतेचे असतील, तर विद्यापीठाचा खर्च आपण मिळून पाहू. तेव्हाही शिकत असताना सत्रात आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, एवढे त्याने आजच लक्षात ठेवावे. मी त्याला टाळते आहे असे त्याला वाटू नये, म्हणून हे पत्र त्याला वाचायला द्या.

तुम्ही दुसरा पर्याय म्हणून लिहिलेत की जमिनीचे पैसे माझ्या धंद्यात घालावेत. दादा, त्या शब्दांनी मला भरून आले, पण मी ते घेणार नाही. भाड्याची इमारत, वैयक्तिक हमी आणि जानेवारीतल्या रिकाम्या खोल्या यांच्या पोटात आबांची जमीन गेली तर मला गावात तोंड दाखवता येणार नाही. मोठ्या भट्टीची दुरुस्ती राहिली आहे, ती मी पुढच्या उन्हाळ्यातील लग्नांच्या विसारातून करणार आहे.

एजंटाकडे धाकट्याचा पासपोर्ट दिलेला असेल तर तो या आठवड्यातच परत मागा, आणि त्याने काही सह्या घेतल्या असतील तर त्या कागदांचे फोटो मला पाठवा. येथील वकिलाला दाखवून मी कळवते. शनिवारी लग्नाची ऑर्डर आहे, म्हणून रविवारी दुपारनंतर, तुमच्या रात्री आठच्या सुमारास, फोन करते. वहिनींच्या गुडघ्याचे डॉक्टर काय म्हणाले ते तेव्हा सांगा. मुलांना अनेक आशीर्वाद.

तुमची धाकटी बहीण