सूचना : मुद्रा कर्जाचे अर्ज रविवारी

कुपवाड एमआयडीसीतलं काम सुटलेल्या सर्व सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी १० वाजता मारुतीच्या देवळासमोर अर्ज भरून घेऊ. मुद्रा ही छोट्या धंद्यासाठी बँकेतून कर्ज देणारी सरकारी योजना; तिच्या शिशु या सर्वात छोट्या गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, तारण लागत नाही. आधार, पॅन, पासबुक, दोन फोटो आणि मशीनचं कोटेशन (दुकानाने लिहून दिलेली किंमत) आणा. मागच्या खेपेला निम्म्यांकडे कोटेशनच नव्हतं. एकाने तर वहीच्या पानावर ‘गिरणी, अंदाजे ४०’ एवढंच लिहून आणलं! कोटेशनवर दुकानाचा शिक्का हवा. उद्यम नोंदणी (छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी) फुकट होते, एजंटाला पैसे देऊ नका. आणि हे कर्जच आहे, अनुदान नव्हे. हप्ता झेपेल तेवढंच मागा. शिलाईचा धंदा वहिनींच्या नावावर असेल तर त्यांनाच घेऊन या, सही त्यांची लागेल.